सोसायटीच्या दारातली बँक

खानदेशात शेतकऱ्याला ‘बँक’ म्हटलं की आधी गावची विविध कार्यकारी सोसायटी आठवते. तिच्या मागे उभी असते ती जिल्हा बँक. जळगावची एक, धुळे आणि नंदुरबारची मिळून दुसरी. 1998 मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पण बँक एकच राहिली.

या रचनेचं मूळ जर्मनीत, रायफायझेनने शेतकऱ्यांसाठी काढलेल्या पतपेढ्यांत आहे. सावकारी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला तो मार्ग आपल्याकडे 1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्याने खुला झाला. हॉलंडमध्ये अशाच शेतकरी बँकांमधून पुढे राबोबँक उभी राहिली. आपल्याकडे ही रचना तीन पायऱ्यांची झाली: वर राज्य बँक, मध्ये जिल्हा बँक, खाली सोसायटी.

खालची पायरी सर्वांत महत्त्वाची. कापूस, केळी, ज्वारी यांना एकरी किंवा हेक्टरी किती कर्ज द्यायचं, ते जिल्ह्याची तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. पण रावेर-यावलकडे कोणाची केळीची मृग बाग आहे, कोणाची कांदे बाग, कोणाच्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहत नाही, हे सोसायटीच्या गटसचिवाला चौकशी न करता माहीत असतं. बदली होऊन आलेल्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या अधिकाऱ्याला ते कळेपर्यंत त्याची पुढची बदली येते. 1969 च्या राष्ट्रीयीकरणानंतर मोठ्या बँका गावापर्यंत आल्या, ते चांगलंच झालं. ही जवळीक मात्र त्यांना साधली नाही.

मार्च महिना खरा कसोटीचा. 31 मार्चपूर्वी भरणा केला तरच व्याज सवलत मिळते, म्हणून अनेक जण हातउसने किंवा चढ्या व्याजाने पैसे आणून कर्ज भरतात आणि एप्रिलमध्ये नवं उचलतात. याला ‘नवं-जुनं’ म्हणतात. कागदावर वसुली दिसते, पण घरातलं कर्ज तेवढंच राहतं आणि त्या काही दिवसांचं व्याज सावकाराच्या खिशात जातं. ज्या सावकारापासून सोडवायला ही व्यवस्था जन्मली, त्याच्याकडेच तिने शेतकऱ्याला दरवर्षी पाठवावं, हे मला अतिशय खुपतं.

दुसरं दुखणं ‘अनिष्ट तफावत’. सोसायटी बँकेला जेवढं देणं लागते, त्यापेक्षा सभासदांकडून तिचं येणं कमी असलं, की मधला खड्डा तसाच राहतो. मग प्रामाणिकपणे भरणाऱ्यालाही नवं कर्ज देताना बँक हात आखडते.

काही धक्के बाहेरूनही बसले. नोव्हेंबर 2016 मध्ये रद्द झालेल्या नोटा स्वीकारायला जिल्हा बँकांना चार-पाच दिवसांतच मनाई झाली. सरकारच्या लेखी या बँका दुय्यम ठरल्या, ऐन रब्बीच्या पेरणीत. कर्जमाफ्या आल्या, 2008, 2017, 2019. त्यांनी सातबाऱ्यावरचा बोजा उतरवला, पण भरणाऱ्याची शिस्त ढिली केली, असं माझं मत आहे.

ठेवीदारांनी एक फरक लक्षात ठेवावा: जिल्हा बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आणि सभासदांना विनंती, यंदा सोसायटीच्या वार्षिक सभेला जा, ताळेबंद मागा आणि सचिवांना सर्वांसमोर विचारा की आपली अनिष्ट तफावत किती आहे.