टेक्सासमधील चार्टर शाळा: मर्यादा सनदांना, विस्तार शाखांचा

अमेरिकेतील चार्टर शाळा या सरकारी पैशावर चालणाऱ्या खासगी शाळा होत, हा समज बराच रुजलेला असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो चुकीचा आहे. या शाळा सार्वजनिकच असतात, शिक्षणशुल्क घेत नाहीत, आणि जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर प्रवेश बहुधा सोडतीने ठरतात. वेगळेपण आहे ते कारभारात: चालक संस्थेला कराराने सनद, म्हणजेच चार्टर, मिळते, त्यायोगे तिला अनेक नियमांतून सूट मिळते आणि बदल्यात निकालांची जबाबदारी तिच्यावर येते. असा पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला. टेक्सासने १९९५ मध्ये.

टेक्सासच्या विधिमंडळाने २०१३ मध्ये सनदांची कमाल मर्यादा २१५ वरून टप्प्याटप्प्याने ३०५ पर्यंत नेण्याचे ठरवले, आणि त्यावरून राज्यात ३०५ पेक्षा अधिक चार्टर शाळा निघूच शकत नाहीत, असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. वास्तविक ही मर्यादा सनदांना आहे, शाळांच्या वा विद्यार्थ्यांच्या संख्येला नाही; एकाच सनदेखाली अनेक शाखा चालवता येतात आणि त्यांची गणना या आकड्यात होत नाही. मर्यादेवरील वाद म्हणूनच बराचसा निष्फळ ठरतो, कारण विस्तार तिच्या बाहेरून होत राहतो.

मात्र कोणीही हवी तेथे शाखा काढू शकतो, हेही खरे नाही. अधिस्वीकृत संस्थेला गेल्या पाच वर्षांपैकी तीन वर्षे राज्याच्या मूल्यांकनात वरच्या दोन श्रेणींपैकी एक मिळालेली असेल, तिच्या किमान ७५ टक्के शाखाही त्याच श्रेणींत असतील आणि ताज्या मूल्यांकनात एकही शाखा तळाच्या श्रेणीत नसेल, तर मुख्यतः या अटींवर तिला शिक्षण आयुक्तांना केवळ लेखी सूचना द्यावी लागते. ६० दिवसांत त्यांनी नकार कळवला नाही, तर वेगळ्या मंजुरीची गरज उरत नाही. इतरांना आयुक्तांची स्पष्ट मंजुरी घ्यावी लागते.

चार्टर शाळांमुळे स्थानिक शाळांच्या पैशाला धक्का लागत नाही, हा समजही अर्धवट आहे. चार्टर शाळांना स्थानिक मालमत्ता कराचा वाटा मिळत नाही, त्यांचे अनुदान राज्य देते. तरीही स्थानिक शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टचे अनुदान सरासरी उपस्थितीवर बेतलेले असल्याने विद्यार्थी गेले की तेही घटते, आणि गळती अनेक वर्गांत विखुरलेली असल्यामुळे शिक्षकांचा व बसगाड्यांचा खर्च त्या प्रमाणात उतरत नाही.

याहून गंभीर बाब लोकप्रतिनिधित्वाची आहे. नव्या सनदेला मतदारांनी निवडलेले राज्य शिक्षण मंडळ नकाराधिकार वापरून रोखू शकते. शाखाविस्ताराचा निर्णय मात्र गव्हर्नरने नेमलेल्या आयुक्तांकडेच राहतो. शिवाय जलद मार्गाच्या वरील अटी संस्थेची कामगिरी तपासतात, नव्या शाखेची त्या वस्तीला गरज आहे का, हे तपासत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०१९ च्या कायद्याने ही उणीव बरीचशी दूर केली: तेथे स्थानिक शाळा-मंडळ समाजहित आणि स्वतःवर पडणारा आर्थिक भार विचारात घेऊन नवी चार्टर शाळाच नव्हे, तर जुन्या शाळेचा नव्या जागी होणारा विस्तारही नाकारू शकते.