खारघरचे उंदीर आणि बदललेले जनुक

एखादे जनुक शरीरात नेमके काय करते, हे कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ते बंद पाडून किंवा नवे घालून प्राण्यात काय बदलते ते पाहणे. त्यासाठी बहुधा उंदीर वापरतात. उंदराची मादी साधारण 20 दिवसांत विते आणि पिले सहा ते आठ आठवड्यांत वयात येतात. रायगड जिल्ह्यात असे काम खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन संस्थेत झाले आहे.

1980 पासूनची रूढ पद्धत अंड्यावर बेतलेली आहे. नुकत्याच फलित झालेल्या अंड्यात काचेच्या अतिबारीक सुईने डीएनए सोडतात आणि ते अंडे दुसऱ्या मादीच्या अंडवाहिनीत ठेवतात. हात बसलेला तंत्रज्ञ असला, तरी बरीच पिले नव्या डीएनएविनाच जन्मतात.

ॲक्ट्रेकमधील सोराब दलाल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये वेगळी वाट दाखवली. त्यांनी अंड्याऐवजी नर निवडला. वृषणातल्या सूक्ष्म नलिकांच्या भिंतीलगत शुक्रपेशी तयार करणाऱ्या मूळपेशी असतात आणि त्या आयुष्यभर विभागत राहतात. हवे ते जनुक लेंटिव्हायरस या निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरून वयात न आलेल्या नराच्या वृषणात टोचले. मूळपेशीत जनुक एकदा बसले की तिच्यापासून होणाऱ्या शुक्रपेशींतही ते उतरते. पुढे साध्या मीलनातूनच जनुक बदललेली पिले मिळतात, तीही एकाच नरापासून वेतामागून वेत. अंडी काढण्यासाठी आणि ती वाढवण्यासाठी माद्यांवर शस्त्रक्रिया करावी लागत नाही, ही या पद्धतीची फार मोलाची बाजू आहे.

याच गटाने 2014 मध्ये उंदराच्या वृषणात 14-3-3 गॅमा या प्रथिनाचे प्रमाण घटवून पाहिले. पेशींना एकमेकींशी घट्ट बांधणाऱ्या डेस्मोसोम नावाच्या जोडांचे घटक पेशीच्या कडेपर्यंत नीट पोचेनात. नलिकांची रचना विस्कटली, शुक्रपेशींची निर्मितीही बिघडली. पेशींची ही पकड सैल होणे कर्करोगाच्या फैलावाशी निगडित असल्याने कर्करोग संस्थेला या प्रश्नात रस होता.

लेंटिव्हायरस मात्र जनुक कुठे चिकटवेल, याचा नेम नसतो. क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने ती अडचण बरीच दूर केली. मार्गदर्शक आरएनए ठरावीक जागा शोधतो, कॅस-9 हे प्रथिन तिथे डीएनए कापते आणि पेशी तो काप सांधताना जनुक बिघडते किंवा पुरवलेला तुकडा त्यात बसतो. 2013 मध्ये अमेरिकेत रुडॉल्फ येनिश यांच्या प्रयोगशाळेने या पद्धतीने उंदरांची अनेक जनुके एकाच फेरीत बदलली. तरी पहिल्या पिढीचे पिलू अनेकदा संमिश्र निघते, काही पेशी बदललेल्या तर काही मूळच्याच. म्हणून त्याचे साध्या उंदराशी मीलन करून पुढच्या पिलांच्या शेपटीचा किंवा कानाचा कणभर तुकडा तपासतात आणि बदल पुढच्या पिढीत उतरला का, याची खात्री करतात.

भारतात अशा प्रयोगांना संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची व जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. पहिलीचा आधार 1960 चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा, तर दुसरीचा 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील 1989 चे नियम.