बायकांची सहल ठरते तेव्हा

मुक्ताईनगर, बोदवड, रावेर या पट्ट्यात महिला मंडळाची सहल बहुधा हिवाळ्यात निघते. त्यामागे घरचा आणि शेताचा हिशोब असतो. दिवाळीच्या आगेमागे कापसाच्या वेचणीचा जोर, उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकू न देणारं ऊन आणि वैशाखात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी आलेल्या माहेरवाशिणी, हे सगळं वगळलं की पौष-माघाचे दिवस हाती राहतात. भरताची वांगीही याच दिवसांत रंगात आलेली असतात.

जवळची ठिकाणं ठरलेली. कोथळीचं मुक्ताईचं जुनं मंदिर, मेहूण, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव. चौदाशे वर्षं जगल्याची ख्याती असलेल्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांच्या धाकट्या बहिणीला, मुक्ताईला, गुरू मानलं, ही कथा इथल्या प्रत्येक बाईला पाठ आहे. 1297 साली, वैशाख वद्य दशमीला, कडाडत्या विजेत मुक्ताई याच परिसरात अंतर्धान पावल्याची श्रद्धा आहे. पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखलं जाणारं मुक्ताईनगर आज तिचं नाव लावतं. महाशिवरात्रीच्या यात्रेला येणाऱ्या दिंड्यांत आणि आषाढीसाठी सुमारे महिनाभर चालत पंढरपूर गाठणाऱ्या पालखीत बायकांची संख्या मोठी असते. घरातून निघायला मुक्ताईचं नाव इथे पिढ्यान् पिढ्या पुरेसं ठरत आलं आहे.

ते नाव घ्यावं लागायचं, हेही खरंच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत गुलाबाईच्या गाण्यांसाठी मुली घरोघर फिरायच्या, श्रावणात कानबाईच्या निमित्ताने अख्खी भावकी एकत्र यायची, आखाजीला झोके बांधले जायचे. या सणांनी बायकांना गाणं दिलं, हसणं दिलं, रात्री उशिरापर्यंत बाहेर थांबायची मुभा दिली. पण निमित्त देवीचं आणि तारीख पंचांगाची. ‘आम्हाला जावंसं वाटलं म्हणून आम्ही जातो’ असं म्हणायची सोय त्यात नव्हती. ती आणली बचत गटांनी आणि भिशी मंडळांनी.

नाबार्डने 1992 मध्ये बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ आणि ‘उमेद’ अभियान यांच्यामुळे दहा ते वीस बायकांचा गट ही गावोगावची ओळखीची गोष्ट झाली. नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब ही गटाची पंचसूत्री. सरकारी अहवालात गटाचं यश बचत आणि कर्जाच्या आकड्यांत मोजलं जातं. सहलीला त्यात रकाना नसतो. मला ही मोठी उणीव वाटते, कारण पंचसूत्रीत शिकलेलं सारं काही सहलीत पणाला लागतं. वर्गणी किती, गाडी कोणाची, भाडं कोण ठरवणार, कुणाचे पैसे मागाहून घ्यायचे, उरलेल्याचा हिशोब बैठकीत कोण वाचून दाखवणार? कर्जाच्या अर्जावर मुकाट अंगठा उठवणारी बाईसुद्धा सहलीच्या चर्चेत तोंड उघडते, कारण इथे तिचा स्वतःचा एक दिवस पणाला लागलेला असतो. याच एदलाबाद मतदारसंघाने 1967 ते 1985 प्रतिभाताई पाटील यांना विधानसभेवर पाठवलं. त्या पुढे देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. बाईने चारचौघांत बोलावं, हे या मातीला नवं नाही.

17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि सहलीचा नकाशाच पसरला. शेगाव, जळगावजवळचं गांधीतीर्थ, बहिणाबाई चौधरींच्या आठवणी जपणारं जळगावातलं संग्रहालय, अजिंठा, अशी दूरची नावं बैठकीत निघू लागली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधी ऑगस्ट 2022 पासूनच मोफत प्रवास होता, त्यामुळे सासूला सोबत न्यायला तिकिटाची अडचण राहिली नाही. मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. मुमताजमहलने जिथे 1631 मध्ये प्राण सोडला ते बऱ्हाणपूर मुक्ताईनगरहून पुण्या-मुंबईच्या मानाने अगदी शेजारी. पण हद्द ओलांडली की पुढचं तिकीट पूर्ण. घरात पैसे मागून घ्यावे लागणाऱ्या बाईला हा फरक जाणवतोच.

सहलीची एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अजूनही पुष्कळ ठिकाणी विधवा बाईला बोलावणं जात नाही, किंवा गेलं तरी ती कोपऱ्यात बसते. सावित्रीबाई फुल्यांनी 1852 च्या संक्रांतीला पुण्यात सर्व जातींच्या बायकांना तिळगुळासाठी एकाच जाजमावर बसायला बोलावलं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवांच्या अवमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनेही तो आदर्श म्हणून पुढे ठेवला. असे ठराव व्हायलाच हवेत. पण बसच्या बाकावर कुंकू लावलेली आणि न लावलेली शेजारी बसतात, एकाच डब्यातली चटणी खातात, गाण्याच्या भेंड्यांत एकाच बाजूने ओरडतात. तिथे मान कुणाला द्यायचा हा प्रश्नच निघत नाही. ज्या मंडळांना हळदीकुंकू बदलणं जड जातंय, त्यांनी सहलीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

आणि जेवण! कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरव्या मिरच्यांसकट बडगीत ठेचलेलं भरीत, सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शेतातली भरीत पार्टी इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे, मात्र तिथे बाई बहुधा वाढणारी असते. मंडळाच्या सहलीत शेतमालकाला किंवा आचाऱ्याला आधी सांगून ठेवता येतं आणि पहिल्याच पंगतीला गरम भाकरी आयती पानात पडते. रोज सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईला या पहिल्या पंगतीचं अप्रूप किती, हे पुरुष वाचकांनी घरी विचारून पाहावं.

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात, चांगदेवच्या काठावरूनही दिसतात. तिथे दुपारभर रमावं असं ठिकाण आहे, तरी मंडळं तासाभरात निघतात. कारण साधं आहे. चाळीस बायकांना, त्यातल्या काही साठीपुढच्या, काहींची पाळी सुरू, पाण्याची सोय असलेलं स्वच्छ स्वच्छतागृह लागतं. ठिकाण ठरवताना देऊळ किती जुनं आहे याआधी हीच चौकशी होते. सोय नसेल तर बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि उन्हातून परतताना डोकी धरून बसतात. तीर्थक्षेत्र विकासाच्या निधीतून कमानी आणि भक्तनिवास उभे राहतात, तेव्हा संगमाच्या काठावर वर्षभर पाणी आणि रोज सफाई असलेली स्वच्छतागृहं आधी व्हायला हवीत. त्यांची देखभाल पैसे देऊन गावातल्याच गटांकडे सोपवता येईल. हिशोब ठेवायचा सराव त्यांना आहेच.