भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात जपमाळ

उत्तनच्या कोळीवाड्यात घड्याळाची सत्ता अर्धीच चालते, उरलेली अर्धी समुद्राची. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. आज पहाटे चारला किनाऱ्यावर पोचायचं असेल, तर आठवड्यानं तेच काम सकाळी दहाच्या सुमाराला येतं. अशा घरातल्या बाईला ‘रोज पहाटे पाचला उठून अर्धा तास प्रार्थना कर’ म्हणून सांगितलं, तर तो नेम पहिल्या उधाणालाच वाहून जातो. भाईंदरच्या सहाव्या मजल्यावरून डबे भरून लोकल गाठणारीची तऱ्हा वेगळी, पण नेम तिचाही टिकत नाही. टोचणी मात्र दोघींना सारखीच लागलेली असते: देवासाठी वेळच होत नाही.

ही टोचणी बऱ्याचदा चुकीच्या हिशोबातून येते. चर्चचा नियम किती आणि आपल्या आजी-आईनं प्रेमापोटी त्यावर चढवलेली भक्ती किती, हे आपण कधी वेगळं करून पाहतच नाही. कॅथलिक चर्चची सक्ती मोजकी आहे. रविवारी आणि ठरावीक सणांना मिस्सा, वर्षातून एकदा तरी गंभीर पापांची कबुली, पुनरुत्थानाच्या काळात ख्रिस्तप्रसाद आणि उपवासाचे नेमलेले दिवस. यात रोजची माळ नाही, नऊ दिवसांच्या नोव्हेना नाहीत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या ‘अकरा जणांना पाठवा’वाल्या प्रार्थना तर नाहीतच.

त्या मोजक्या नियमांतही सवलती आहेत. रविवारची मिस्सा शनिवारी संध्याकाळी केली तरी चालते. मासळी विकणारीला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. रविवारची सकाळ हा तिच्या आठवड्यातला मुख्य बाजार. तान्हं मूल अंगावर असेल, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर मिस्सा चुकली म्हणून दोष लागत नाही. ख्रिस्तप्रसादाआधीचा उपास आता फक्त एका तासाचा आहे आणि त्यात पाणी चालतं. आपल्या आज्यांच्या काळी मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटही घेता येत नसे. पोप पायस बारावे यांनी 1953 मध्ये पाण्याची मुभा दिली, 1957 मध्ये उपास तीन तासांवर आणला, आणि 1964 मध्ये पोप पॉल सहावे यांनी तो एका तासावर आणून ठेवला. आजारी माणसाला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला तर तोही बंधनकारक नाही. हा शेवटचा भाग बायकांना कुणी मुद्दाम सांगत नाही.

नियम एवढाच असेल, तर माळ ही आपल्या खुशीची गोष्ट झाली. खुशीची गोष्ट आपल्या सोयीनं करायला हरकत नाही. आधी माळेची रचना पाहू. पाच टप्पे. प्रत्येक टप्प्याला एक रहस्य, म्हणजे येशूच्या किंवा मरियेच्या जीवनातला एक प्रसंग. त्या प्रसंगावर मन ठेवून एकदा प्रभूची प्रार्थना, दहा वेळा नमो मरिया आणि शेवटी पित्याचा, पुत्राचा, पवित्र आत्म्याचा गौरव. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये दिली, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडात ती अजून तितकी बसलेली नाहीत. पूर्ण माळेला पंधरा-वीस मिनिटं लागतात. एका टप्प्याला तीन-चार.

हे तीन-चार मिनिटांचं माप लक्षात ठेवण्यासारखं आहे. धीमी लोकल धरली, तर भाईंदर ते मीरा रोड पहिलं रहस्य, दहिसरला दुसरं, बोरिवलीला तिसरं, कांदिवलीला चौथं, मालाडला पाचवं. बोरिवलीला गर्दी आत घुसताना आकडा चुकला तर चुकू द्या. मणी असतात ते मनाला मोजायची कटकट नको म्हणून, पुढे कुणाला हिशोब द्यायचाय म्हणून नव्हेत. माळ पर्समधून काढायला संकोच वाटला तर हाताला दहा बोटं आहेतच. एका बैठकीत पाचही झाले नाहीत तर दोन सकाळी, एक दुपारी, दोन संध्याकाळी. तेही न जमल्यास एकच टप्पा, पण सावकाश.

किनाऱ्यावरच्या बाईला लोकल नाही, पण बोंबील वाळवायच्या दोऱ्यांची वलांडी आहे. बोंबील वाळत घालताना जोडीजोडीनं, जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकायचे असतात. हात गुंतलेले, तोंड मोकळं. दहा जोड्यांचं एक रहस्य धरलं तर माळेची गरजच उरत नाही. यातली युक्ती साधी आहे: प्रार्थना घड्याळाला बांधायची नाही, कामाला बांधायची. भरती कधीही येवो, बोंबील त्यानंतरच वाळत पडणार.

हा शोध काही नवा नाही. चर्चच्या घंटेवर म्हणायची देवदूताची प्रार्थना मिनिट-दोन मिनिटांची असते. सकाळ, दुपार, संध्याकाळ, हातातलं काम क्षणभर थांबवून. गावठाणांच्या नाक्यानाक्यावर उभे असलेले क्रूसही याच जातीचे. मे महिन्यात तिथे शेजारीपाजारी जमतात, माळ आणि लादीन, म्हणजे आळवणीची प्रार्थना, होते, शेवटी उकडलेले चणे वाटले जातात. चर्चपर्यंत जाणं ज्यांना जमत नाही, त्यांच्या दाराशी आलेली ही भक्ती आहे. चाळीतल्या, सोसायटीतल्या ऑक्टोबरच्या सामुदायिक माळेमागेही हेच आहे. एकटीला कंटाळा येतो, पाच जणींत एक तरी जागी असते.

रात्री मात्र माळ हाती घेऊ नये, असं माझं मत. रात्रीसाठी संत इग्नेशियस यांनी घालून दिलेली दिवसाची उजळणी अधिक बरी. आज काय मिळालं त्याबद्दल आभार, नीट दिसावं म्हणून प्रकाशाची मागणी, सकाळपासूनच्या दिवसावर एक नजर, जे चुकलं त्याची क्षमा, आणि उद्याची एक गोष्ट. पाच मिनिटं पुरतात. अंथरुणावर बसून केली तरी चालते. तिसऱ्या पायरीवर डोळा लागला तर? लिझ्यूची संत तेरेझा मठात राहूनही प्रार्थनेत झोपायची. आईबापांना मूल जागं असताना जेवढं प्रिय, तेवढंच झोपेतही, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली होती. पुढे चर्चनं तिला धर्मपंडिताचा मान दिला.

आणि वर्षाचा विचार करताना दर्याचंच पंचांग वापरा. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात. बायबल घेऊन निवांत बसायचं, जुनी कबुली उरकायची, तर हेच दिवस. 30 ऑगस्टला वेलंकनी मातेचा नोव्हेना सुरू होतो आणि 8 सप्टेंबरच्या सणाला उत्तनचा रस्ता माणसांनी फुलतो. तोवर होड्या पुन्हा पाण्यात गेलेल्या असतात आणि नऊच्या नऊ दिवस तीर्थमंदिरात जाणं होत नाही. नऊ दिवस घरी आणि एक दिवस तिथे, असं केलं तर काही उणं पडत नाही.

मार्था आणि मरिया या दोन बहिणींची गोष्ट अशा लेखात टाळता येत नाही. येशूनं ऐकत बसलेल्या मरियेची बाजू घेतली, हे आपण प्रवचनात ऐकतो. त्या दिवशी शेवटी स्वयंपाक कुणी केला, ते लूकनं लिहिलेलं नाही. तेव्हा घरातल्या पुरुषांना आणि मोठ्या मुलांना एक विनंती: शनिवारी संध्याकाळची मिस्सा किती वाजता असते ते पॅरिश ऑफिसात विचारून या, आणि त्या दोन तासांत मासळी साफ करायला तुम्ही बसा.