समुद्राच्या शाळेची फी कोणी भरायची?

पश्चिम प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशात पाऊल ठेवलं की पासपोर्टवर एक पानभर मोठा शिक्का उमटतो. त्यावर एक प्रतिज्ञा छापलेली असते आणि तिच्याखाली प्रत्येक पाहुण्याने सही करायची असते. ही प्रतिज्ञा पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे: तुमच्या बेटांना आणि समुद्राला धक्का लागेल असं काही करणार नाही, अशा आशयाची. डिसेंबर 2017 मध्ये ती लागू झाली. तिचा मजकूर घडवण्यात तिथल्या मुलांचाही हात होता.

पैसा मात्र प्रतिज्ञेच्या आधीपासूनच येत होता. पलाऊने 2009 मध्ये परदेशी पर्यटकांकडून 15 डॉलर हरित शुल्क घ्यायला सुरुवात केली, 2012 मध्ये ते 30 डॉलर केलं आणि 2018 पासून 100 डॉलरचं पर्यावरण शुल्क थेट विमानाच्या तिकिटातच जोडलं. त्यातला ठरावीक वाटा संरक्षित क्षेत्रांच्या निधीत जातो. जेमतेम 18 हजार वस्तीच्या देशाने हे केलं आणि 2020 पासून आपल्या सागरी हद्दीचा 80 टक्के भाग व्यापारी मासेमारीला बंद केला. एवढं मोठं क्षेत्र राखायचं तर ते कशासाठी राखायचं हे पुढच्या पिढीला कळलं पाहिजे. हे काम कोरोर शहरातलं प्रवाळ संशोधन केंद्र आधीपासूनच करत आलं आहे: ते 2001 पासून संशोधनाच्या जोडीला मत्स्यालय आणि शाळांसाठीचे उपक्रमही चालवतं.

समुद्र शिकवायला नेमका खर्च कशाचा येतो? तीस मुलांचा वर्ग प्रवाळावर न्यायचा तर होडी हवी, डिझेल हवं, तांडेल हवा, प्रत्येकाच्या मापाचं जीवरक्षक जाकीट आणि पाण्याखाली बघायचे मुखवटे हवेत. सोबत पोहणारी दोन मोठी माणसं हवीत. समुद्री गवताची मोजणी करायची तर सामान साधं असतं: तळावर अंथरायची मोजपट्टी आणि प्लास्टिकच्या नळ्यांची चौकट. मुलं पट्टीवर ठरावीक अंतराने चौकट ठेवतात, आत किती जागा गवताने व्यापली आहे ते बघतात आणि पाण्यातही टिकणाऱ्या कागदावर लिहून ठेवतात. हीच मोजणी दर वर्षी त्याच जागी झाली, तर पाच वर्षांनी त्या शाळेच्या हाती आपल्या किनाऱ्याचा इतिहास असतो. एकदाच झाली, तर ती नुसती सहल ठरते.

गोम इथेच आहे. देणगीदाराला इमारत, फलक, मत्स्यालयाची काच द्यायला आवडतं. डिझेल, दुरुस्ती आणि शिक्षकाचं मानधन दर वर्षी द्यायला फारसं कोणी पुढे येत नाही. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की जाकिटं कपाटात जातात, शिकलेला शिक्षक बदली होऊन जातो आणि पुढच्या प्रकल्पाची सुरुवात पुन्हा शून्यातून होते.

मानधन केवळ शाळेतल्या शिक्षकांचं धरून चालत नाही. सागरी जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट योहानेस यांनी पलाऊच्या मच्छीमारांबरोबर काम करून 1981 मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणता मासा चंद्राच्या कोणत्या कलेला, कुठे अंडी घालायला जमतो, याची जी माहिती त्या मच्छीमारांकडे होती, ती तोवरच्या विज्ञानाच्या कितीतरी पुढे होती. काही काळ प्रवाळावर मासेमारी बंद ठेवायची ‘बुल’ ही तिथली परंपरा अशाच जाणतेपणातून आली आहे. असा म्हातारा मच्छीमार वर्गात येऊन शिकवतो, तेव्हा त्याची त्या दिवसाची मासेमारी बुडते. तिची भरपाई अंदाजपत्रकात असलीच पाहिजे.

पलाऊच्या योजनेची कमजोरी मार्च 2020 नंतर उघडी पडली. महासाथीत विमानं थांबली, पर्यटक थांबले आणि त्यांच्या तिकिटातून येणारं शुल्कही थांबलं. ज्या निधीचा एकच झरा असतो, तो आटला की सगळंच कोरडं पडतं.

हिंदी महासागरातल्या सेशेल्सने दुसरी वाट धरली. या देशाची लोकसंख्या लाखाच्या आसपास, जमीन सुमारे 455 चौरस किलोमीटर आणि सागरी हद्द साडेतेरा लाख चौरस किलोमीटरच्या घरात. 2016 मध्ये त्याने आपल्या परदेशी कर्जातले 2 कोटी 16 लाख डॉलर एका संवर्धन न्यासाकडे वळवले. न्यासाने काही पैसा उसना घेऊन सवलतीत ते कर्ज विकत घेतलं. आता सरकार हप्ते न्यासाला देतं. त्यातून न्यासाची ती उसनवारी फिटते, स्थानिक प्रकल्पांना अनुदान मिळतं आणि काही रक्कम कायमच्या ठेवीत साठत जाते. 2018 मध्ये सेशेल्सने जगातले पहिले सार्वभौम ‘निळे रोखे’ म्हणजे समुद्राच्या कामांसाठीचे कर्जरोखे काढून दीड कोटी डॉलर उभे केले आणि त्यातले 30 लाख याच न्यासाच्या अनुदानांसाठी ठेवले. कर्ज वळवण्याच्या बदल्यात देशाने 2020 पर्यंत 30 टक्के सागरी क्षेत्राला संरक्षण दिलं.

हा पैसा रुजायला जमीन आधीच तयार होती. 1994 पासून सेशेल्सच्या शाळांमध्ये वन्यजीव मंडळं चालतात. शिक्षक आपलं नेहमीचं काम सांभाळून ती चालवतात. अशा मंडळांना दर वर्षी भरवशाचा थोडा पैसा मिळणं हे एखाद्या मोठ्या देणगीपेक्षा मोलाचं आहे.

तरीही सगळा भार बेटांनीच का उचलायचा? सेशेल्समधलं अल्डाब्रा हे प्रवाळबेट 1982 पासून जागतिक वारसास्थळ आहे. 2019 मध्ये स्वयंसेवकांनी तिथून पाच आठवड्यांत 25 टन कचरा उचलला. उरलेला कचरा 500 टनांच्या घरात असल्याचं संशोधकांनी मांडलं. तो काढायला सुमारे 47 लाख डॉलर आणि 18 हजार मनुष्यतास लागतील, असा त्यांचा हिशेब आहे. वजनाने त्यातला सर्वांत मोठा वाटा मासेमारीच्या जाळ्या-दोरांचा. हा कचरा बेटावर तयार झालेला नाही, प्रवाहांबरोबर बाहेरून आलेला आहे. समुद्र वापरणाऱ्याने, त्यातून कमावणाऱ्याने आणि त्याला घाण करणाऱ्याने त्याच्या शिक्षणाची फी भरणं हा साधा न्याय आहे.

हा न्याय आपल्याकडेही पोचलेला आहे. महाराष्ट्राचं कांदळवन प्रतिष्ठान 2015 मध्ये स्थापन झालं. कांदळवनाच्या जागेत प्रकल्प करणाऱ्यांनी दिलेल्या रकमेतून त्याचा कायम निधी उभा राहिला आणि कामं त्याच्या व्याजावर चालतात. ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र शाळांच्या सहलींना ठाऊक आहेच.

आणि मुंबईसमोर घारापुरी आहे. 1987 पासून जागतिक वारसास्थळ असलेल्या या बेटावर पर्यटक उतरतो, तेव्हा ग्रामपंचायत त्याच्याकडून कर घेते. म्हणजे पलाऊच्या व्यवस्थेचं बीज आपल्या दारात आहे. या करातला एक लहानसा वाटा ठराव करून बेटावरच्या मुलांच्या समुद्रशिक्षणासाठी राखावा. त्यातला निम्मा दर वर्षी खर्च व्हावा आणि निम्मा ठेवीत पडावा, म्हणजे पर्यटक आटले तरी वर्ग थांबणार नाही. कोकणात जिथे जिथे पर्यटक समुद्र बघायला पैसे मोजतो, तिथल्या ग्रामसभांनी हा विषय पटलावर घ्यावा. त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघायचं कारण नाही. एक ठराव आणि स्वतंत्र बँक खातं, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.