दोन इंचांची मागणी

सकाळी साडेसहा
गाडी आदल्या रात्रीच लावून घेतली होती. चालून आलेली गाडी मोजायला घेऊ नये. टायर तापलेले असतात, हवा वाढलेली असते. रात्रभर एका जागी उभी राहिली की ती खरी उंची दाखवते. डिसेंबरात औंधात या वेळी हाताला पाना गार लागतो आणि यमाईच्या डोंगरावर मूळपीठाकडे निघालेली माणसं शाली गुंडाळून चढताना दिसतात.

गाडी फोर्सची गुरखा, २०२४ ची. मालक आटपाडीकडचे डाळिंबवाले, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आटपाडी आता सांगली जिल्ह्यात, औंध साताऱ्यात. पण औंधच्या पंतप्रतिनिधींच्या राज्यात दोन्ही एकच होती. ७२ गावांचं संस्थान, तेही सलग नाही: औंध इकडे, कुंडल तिकडे, आटपाडी आणखी पलीकडे, गुणदाळ तर पार विजापूरकडे. एका राज्यात फिरायला दुसऱ्याच्या हद्दीतून जावं लागायचं. अण्णा अजून गॅरेजात पाय ठेवताना म्हणतात, "आलो बाबा राजधानीला."

त्यांची मागणी फोनवरच ठरलेली होती. "मिस्त्री, दोन इंच वर उचला. वड्यात खाली घासती."

आधी टेप. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजायचं आणि भिंतीवर खडूने लिहायचं. पुढची दोन्ही सारखी. मागची डावी बाजू उजवीपेक्षा ११ मिमी खाली. डावीकडे अवजारांची पेटी कायमची बोल्टने बसवलेली आहे, हे मागचं दार उघडल्यावर कळलं. पेटीच्या शेजारी ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, औषधाचे डबे, पाण्याचे दोन कॅन. छतावर कॅरिअर. नाकावर जाडजूड लोखंडी गार्ड.

साडेसात
वजनकाट्यावर. गळीत हंगाम चालू, त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरमागे नंबर लावावा लागला. काटेवाला ओळखीचा. पुढची चाकं चढवून एक वजन, पूर्ण गाडीचं एक, मग मागची चाकं ठेवून तिसरं. ऊसवाले हसतात. हसू देत. सस्पेन्शनचं काम वजन माहीत नसताना करणारा मिस्त्री अंदाजाने पैसे घेतो आणि अंदाजानेच गाडी परत देतो.

गाडी मागे जड झाली होती. सामान जाता-येता बदलणारं नव्हतं, रोजचंच होतं. म्हणजे स्प्रिंग खराब नव्हते. त्यांच्यावर मूळ हिशेबापेक्षा जास्त ओझं बारा महिने बसलेलं होतं.

साडेआठ
अण्णा चहा घेऊन आले आणि आमची खरी झटापट इथे झाली. २०२१ ची गुरखा १६ इंची चाकांवर यायची, ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिमी. २०२४ च्या गाडीला कंपनीने १८ इंची चाकं दिली आणि तो आकडा २३३ झाला. उंची कारखान्यातूनच आलेली आहे, आणि ती देताना त्यांनी आर्म, शाफ्ट, स्टीअरिंग, ब्रेकचे पाइप, सगळ्याचा एकत्र हिशेब केलेला असतो. आपण नुसते लांब स्प्रिंग घातले तर वर फक्त बॉडी जाते.

"घासतंय काय, ते बगा आधी," म्हटलं आणि त्यांना खाली वाकवलं. मागचा अॅक्सल अखंड आहे, त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोळा. दगडाचे ओरखडे त्या गोळ्यावर होते. स्प्रिंग कितीही लांब घाला, तो गोळा एक सूतही वर येत नाही, कारण तो स्प्रिंगच्या खाली आहे. त्याची उंची फक्त टायर ठरवतो. अण्णा बराच वेळ खालीच वाकून राहिले. ओणवं राहिल्यामुळे की पटल्यामुळे, सांगता येत नाही.

पुढे तर गोष्ट आणखी नाजूक. पुढची चाकं स्वतंत्र, वरखाली दोन आर्मवर. गाडी आणखी उचलली की आर्म खाली झुकतात, हाफ शाफ्टचे जॉइंट तिरके चालतात, त्यांची रबरी टोपणं फाटून ग्रीस उडतं. आणि चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जी जागा असते, ती उभ्या गाडीतच वापरून झालेली असते. ओढ्यात एक चाक हवेत लटकतं ते यामुळे. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफ लॉक कंपनीचेच आहेत, त्यामुळे गाडी तरीही निघते. पण चाक जमिनीला लागलेलं असेल तर लॉक लावायची पाळीच कमी येते.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: उत्पादकाने ठरवलेला, नोंदणीत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही. लोखंडी गार्डबद्दल केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. गार्ड आधी उतरवलं. नाक आपोआप थोडं वर आलं. पुढचे स्प्रिंग तेच ठेवायचे ठरले. मागे जास्त वजन पेलून मूळ उंचीवर उभे राहतील असे स्प्रिंग, आणि चारही शॉकअप नवे. अण्णांचे निम्मे पैसे वाचले, तरी चेहरा दोन इंच हरल्याचाच.

साडेनऊ
गाडी घोड्यांवर. जॅकवर सोडलेल्या गाडीखाली आमच्याकडे कोणी शिरत नाही, हा नियम वडिलांचा. त्यांची हयात ट्रॅक्सचे पाटे बसवण्यात गेली. ट्रॅक्सही याच घराण्यातली, तेव्हा कंपनीचं नाव बजाज टेम्पो होतं. २००५ मध्ये ते फोर्स झालं. खटाव-माणमध्ये वडापच्या ट्रॅक्समध्ये किती माणसं बसायची ते सांगून आता कुणाला खरं वाटणार नाही. त्या काळी सस्पेन्शन सुधारणं म्हणजे एक पाटा वाढवणं. गाडी ओझं उचलायची आणि रिकामी असली की माणसं उडवायची.

जुना शॉकअप काढून गॅरेजातल्या पोराच्या हातात दिला. "दाब." अर्धा दांडा हाताला काही न लागता आत गेला, मग एकदम अडला. सतत खडीवर पळून आतल्या तेलात हवा मिसळते, फेस होतो, आणि फेसाला जोर नसतो. नवा मोनोट्यूब. त्यात नायट्रोजन वेगळ्या कप्प्यात, मध्ये सरकता पिस्टन, त्यामुळे तेल आणि वायू एकमेकांना भेटतच नाहीत. दांडा दाबून धरणारा पट्टा कापला की तो आपला आपण हळूहळू बाहेर येतो. पोरगा दर वेळी हातातलं काम टाकून ते बघतो. मीही बघतो.

साडेअकरा
मध्येच एक ट्रॅक्स आली, मेन पाटा तुटलेला, आत वऱ्हाडाचं सामान. लग्नाला थांबवता येत नाही. दुसऱ्या मिस्त्रीला तिकडे लावलं.

दुपारी एक
मागचे स्प्रिंग बसले. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर अॅक्सल पूर्ण खाली सोडून तपासली. ताण कुठेच नाही. ज्वारीची भाकरी, खर्डा, कांदा. अण्णांनी स्वतःच्या बागेतली डाळिंबं फोडली आणि बाजारभावाबद्दल ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दोन
आता सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त वेळा चुकवलं जाणारं काम. आर्मच्या आणि शॉकअपच्या टोकांना रबरी बुश असतात. चाकं लटकत असताना त्यांचे बोल्ट आवळले, तर रबर त्या लटकत्या अवस्थेत पक्कं धरलं जातं. मग गाडी जमिनीवर आली की प्रत्येक बुश जन्मभर पिळलेला. गाडी दोन दिवस उंच दिसते, गिऱ्हाईक खूश होतं, आणि सहा महिन्यांत रबर फाटून खडखडाट सुरू. म्हणून बोल्ट आधी हातानेच. गाडी खाली उतरवायची, अण्णांचं रोजचं सामान परत भरायचं, ड्रायव्हरच्या जागी माणूस बसवायचा, कोपरे दाबून गाडी दोन-चार वेळा हलवायची. मग खड्ड्यात उतरून टॉर्क पान्याने एकेक बोल्ट. टक् असा आवाज आला की खडूची रेघ. या पान्याला नुसत्या जोरापेक्षा धीर जास्त लागतो, म्हणून तो पोराच्या हातात मी अजून दिलेला नाही.

पॅनहार्ड रॉड शेवटी. हा आडवा दांडा मागच्या अॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. पण त्याचं एक टोक बॉडीकडे, एक अॅक्सलवर, त्यामुळे गाडी वर-खाली झाली की अॅक्सल किंचित बाजूला जातोच. मागचं बूड बसलेलं होतं तेव्हा सकाळी मी चासीपासून टायरपर्यंत दोन्हीकडे मोजून ठेवलं होतं. आता मूळ उंचीवर आल्यावर अॅक्सल जवळजवळ मध्यावर. रॉडला हात लावायची गरज पडली नाही. डावी-उजवी उंचीही जुळली. पेटी मात्र मी मध्ये सरकवायला लावली, नाहीतर वर्षभरात तेच.

साडेतीन
अलायमेंटला कराड. चाकांची तोंडं किती आत-बाहेर, तो टो दोरी लावून मला इथेही काढता येतो, कॅम्बर-कॅस्टर हे तिरपेपणाचे कोन मशीनवरच बघावेत. पुसेसावळी सोडली, शामगाव घाटाच्या वळणांवर अण्णांना चालवायला दिली. पूर्वी वळणात मागचा भाग एकदा कलायचा आणि सावरताना पुन्हा एकदा डोलायचा. आता कलला आणि तिथेच थांबला. ते काही बोलले नाहीत, पण वेग वाढला, तेव्हा मीच म्हटलं, "अण्णा, टायर जुनेच हायत."

मशीनवर पुढचा टो थोडा आत निघाला, तेवढा सोडला.

संध्याकाळी साडेसात
गॅरेजच्या भिंतीवर दिवे पाडून बघितले. बूड बसलेल्या गाडीचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. रात्री आटपाडीच्या रस्त्यावर लोक का शिव्या देत होते, ते अण्णांना आज कळलं. उजेडाची रेघ आता खाली आली होती, स्क्रू एक फेरा फिरवावा लागला.

बिलाच्या मागे चारही चाकांच्या सकाळच्या आणि आत्ताच्या उंच्या लिहून दिल्या, कराडचा कागद टाचला. ५०० किलोमीटरनंतर बोल्ट तपासायला यायचं. गार्ड त्यांनी भंगारात द्यायला सांगितलं, मग गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाले, "आन मिस्त्री, टायर एक नंबर मोठा बसंल का वो?"

"अठ्ठावीस तारखेला बोल्ट तपासायला या," म्हटलं. "तवा बोलू."