भुशाच्या कुंड्या

लाकडाच्या वखारीत भुशाचा ढीग तुम्ही पाहिलाच असेल. थोडा भुसा बंबात जातो, थोडा कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरतात. बाकीचा तसाच पडून राहतो. या भुशापासून रोपं वाढवायच्या कुंड्या करता येतात. रोप कुंडीसकट जमिनीत लावायचं. कुंडी मातीत कुजून जाते, अन् मुळाला धक्का लागत नाही.

वांगी, मिरची यांची मुळं थोडी दुखावली तरी चालतं. दोन-चार दिवस रोपं माना टाकतात, मग उभी राहतात. काकडी, दोडका, दुधी भोपळा यांचं तसं नाही. मूळ तुटलं की वेल बसलाच. म्हणून आपण त्यांचं बी जागेवरच टोकतो आणि पावसाची वाट पाहतो. भुशाच्या कुंडीत बी लावलं, तर पावसाआधी तीन आठवडे वेल घरीच वाढतो. लवकर आलेल्या काकडीला बाजारात काय भाव मिळतो, ते मी तुम्हांला सांगायला नको.

आता माझी चूक ऐका. पहिल्या वर्षी मी वखारीतला ताजा भुसा आणला आणि चाळीस कुंड्या केल्या. रोपं छान उगवली. पण पंधरा दिवसांत पिवळी पडली. पाणी होतं, ऊन होतं, तरी पिवळी! कारण मागाहून कळलं. भुसा कुजवणारे जंतू फार बारीक, डोळ्यांना न दिसणारे असतात. त्यांना नत्र लागतं. भुशात नत्र अगदी थोडं. मग ते जंतू मातीतलं नत्र खाऊन टाकतात. पाहुणे जेवून गेले नि घरचं पोर उपाशी राहिलं, तशी गत झाली.

म्हणून भुसा आधी कुजवायचा. खड्ड्यात भुशाचा एक थर, त्यावर शेणकाला, असे थर द्या. ओल राखा. महिन्यातून एकदा वरखाली करा. पाच-सहा महिने लागतात. दिवाळीत खड्डा भरला, तर अक्षय्य तृतीयेपर्यंत भुसा काळसर होतो. हात घातला तर ऊब लागत नाही. मग तो तयार झाला असं समजा. प्लायवूडचा किंवा रंग दिलेल्या लाकडाचा भुसा मात्र घेऊ नका. त्यात डिंक, रंग, औषधं असतात.

दोन वाटे कुजलेला भुसा आणि एक वाटा ताजं शेण घ्या. त्यात पिठाची पातळ खळ घालून मळा. खळ बेतानेच घाला. जास्त झाली की बुरशी येते. मोठ्या पेल्यात आतून ओलं फडकं लावा. त्यात हा गोळा थापा आणि मध्ये लहान पेला दाबा. भिंत अर्ध्या बोटाएवढी जाड ठेवा. लहान पेला काढा, फडक्यासकट कुंडी बाहेर घ्या आणि तळाला भोक पाडा. दोन दिवस सावलीत, मग उन्हात वाळवा.

ही कुंडी महिना-दीड महिना टिकते. आंब्याच्या कलमाला तिचा उपयोग नाही. ओली कुंडी काठाला धरून उचलू नका, तळहातावर घ्या. भिंतीतून पांढरं मूळ डोकावलं की लावणीची वेळ झाली.

लावताना काठही मातीखाली गेला पाहिजे. काठ उघडा राहिला, तर वात जशी तेल ओढते, तसा तो मुळाजवळची ओल वर ओढतो. मागच्या साली माझे दोन वेल असेच वाळले. बाकीचे मांडवावर चढले.